जॉर्ज चेडरकर आणि लाडवांचा डबा

आइस्क्रीमचे रिकामे डबे आणि जुने किस्से, या दोन गोष्टी आमच्या घरात कधी कमी पडल्या नाहीत. टाकवत नाहीत, कधीतरी उपयोगाला येतील असं वाटत राहतं, आणि एके दिवशी कपाट उघडलं की सगळे एकदम अंगावर येतात. परवा आमची भाची अमेरिकेहून आली. वाळवंटातली कुठलीशी लाल दरी बघून आलेली, एका दिवसाची गाइडेड टूर. तिनं फोटो दाखवले, आम्ही बघितले. ती दाखवतच राहिली, आम्ही बघतच राहिलो. शेवटी दमून म्हणाली, "मामी, तुमच्या वेळी असलं काही नसेल ना?"

नसेल? अगं, तू जन्मायच्या आधी आम्ही अख्खा कोच, म्हणजे मोठी बस, भरून घळ बघायला गेलो होतो! इंग्रजीत तिला गॉर्ज म्हणतात. तुझ्या दरीच्या एकाही फोटोत माणूस दिसला नाही मला. आमच्या घळीत माणसंच माणसं होती.

तेव्हा आम्ही इंग्लंडात, मेडनहेडजवळच्या एका हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये राहायचो. साठचं दशक संपत आलं होतं. हे भूल द्यायचे आणि मी लॅबमध्ये रक्त तपासायची. मराठी घरं पाच-सहाच, पण आवाज पन्नास घरांचा.

*

पहिला किस्सा माझाच सांगते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको.

लॅबमधला माझा दुसराच दिवस. पाच वाजले, मी कोट काढला, पर्स उचलली आणि आमच्या मिस प्रॅटना सांगितलं, "आय ॲम कमिंग." आता घराबाहेर पडताना आपण कधी 'जाते' म्हणतो का? 'येते' म्हणायचं, ही आईची शिकवण. ती मी इमानेइतबारे इंग्रजीत नेली.

मी घरी येऊन पोळ्या लाटत होते आणि तिकडे मिस प्रॅट बिचाऱ्या लॅब उघडी ठेवून पावणेसहापर्यंत माझी वाट बघत बसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी फार सभ्यपणे विचारलं, "सुमन, तू नेमकी कुठून येणार होतीस?"

ही गोष्ट रूबेनभाऊंनी हॉस्पिटलभर केली. रूबेन झिराडकर म्हणजे आमच्या हॉस्पिटलचे फार्मसिस्ट. मूळचे अलिबागकडचे बेने इस्रायल, म्हणजे आपले कोकणातले ज्यू, वाढलेले भायखळ्यात, आणि आमच्या सगळ्यांत चांगलं मराठी त्यांचं. एवढी चेष्टा झाली, तरी आमच्यातलं कुणीही निघताना 'आय ॲम गोइंग' म्हणायला तयार होईना. जीभच वळायची नाही.

शेवटी मिस प्रॅटच शिकल्या. सुट्टीवर निघाल्या की दारातून सांगायच्या, "सुमन, आय ॲम कमिंग!"

*

आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये वसंत जोगळेकर, हाडांचा डॉक्टर, आणि त्याची बायको नलू. वसंताचे वडील गेले तेव्हा त्यानं आईला मिरजेहून इकडे आणलं. एकुलता एक मुलगा. मिरजेच्या घराला आता कुलूप. आम्ही सगळे त्यांना काकू म्हणायचो.

काकू ऑक्टोबरात आल्या आणि मे उजाडला तरी घराबाहेर पडल्या नाहीत. मिरजेत ही बाई दुपारची एका जागी सापडायची नाही. कुणाचं बाळंतपण, कुणाचे पापड, कुणाचं दुखणं. इथं मात्र खिडकीशी बसून राहायच्या. चल म्हटलं की म्हणायच्या, "कुणाकडे जाऊ? माझ्या ओळखीचं इथं आहे कोण?"

वसंतानं राजवाडा दाखवायला नेतो म्हटलं.

"राणी घरी असते का?"

"असते, पण आपल्याला भेटत नाही."

"मग मी काय कुलूप बघायला येऊ?"

प्राणिसंग्रहालयाला नेतो म्हटलं तर म्हणाल्या, "वाघाची आणि माझी काय ओळख?"

त्यात दिवाळीला एक घोटाळा होऊन बसला होता. काकूंनी समोरच्या मिसेस डनकडे डबा भरून चकल्या पाठवल्या. अर्ध्या तासात डबा परत आला. स्वच्छ धुतलेला, पुसलेला, आणि रिकामा! काकूंनी झाकण उघडून आत बघितलं, डबा उलटा करून बघितला. कुणीतरी गेल्यासारखा चेहरा झाला त्यांचा.

"आई, इथं तशीच पद्धत आहे," वसंत म्हणाला.

"चिमूटभर साखर तरी घालायची होती. ज्या गावात डबा रिकामा परत येतो, त्या गावात मी राहायची नाही. तिकीट काढ."

जायचा दिवस पुढं ढकलता ढकलता वसंतानं जुलैतलं तिकीट काढलं. बुधवारचं. मिरजेत आई एकटी, कुलूप काढून त्या घरात राहणार, या विचारानं त्याला जेवण जायचं नाही. रोज संध्याकाळी आमच्याकडे येऊन बसायचा आणि विचारायचा, "वहिनी, काय करू हो?" मला काय सुचणार? मी चहा करायची.

*

जूनमध्ये वसंतानंच ट्रिप ठरवली. एक दिवसाची, कोचनं, गाइडसकट. काकू स्वयंपाकघरात आणि हा पॅसेजमध्ये फोनवर, "रविवारी सगळ्यांनी चेडर गॉर्जला जायचं हं" असं मराठी मंडळातल्या एकेकाला सांगत होता.

"हा कोण रे जॉर्ज?" काकूंनी आतून विचारलं.

वसंत फोनच्या नादात. म्हणाला, "अगं, फार जुना आहे. लांबून लांबून लोक बघायला येतात."

"अंथरुणाला खिळलाय का?"

हे त्यानं ऐकलंच नाही. सवयीनं म्हणाला, "आई, तूही चल."

"येते. एवढी माणसं बघायला येतात, म्हणजे माणूस चांगला असणार."

वसंतानं त्यातलं फक्त 'येते' ऐकलं आणि रिसीव्हर त्याच्या हातातून खाली पडला.

उलगडा झाला शुक्रवारी. लंडनला कॅमडेनच्या एका दुकानातून जपून आणलेलं बेसन काकूंनी भाजायला घेतलं होतं. नलूला विचारतात कशा, "काय गं, चेडरकरांच्या घरी माणसं किती? लाडू पुरायला हवेत."

चेडरकर! नलू तशीच ओल्या हातानं माझ्याकडे पळत आली. मी पोट धरून हसले. नलू हसेना. "सुमन, त्यांनी ट्रंकेतनं इरकली लुगडं काढलंय. आठ महिन्यांत पहिल्यांदा. आता सांगितलं तर ते परत ट्रंकेत जाईल, आणि मग विमानात बसतानाच बाहेर निघेल."

तेव्हा मात्र माझंही हसू थांबलं. आम्ही ठरवलं, काकूंना कुणी काही सांगायचं नाही. पण तिथं पोचल्यावर काय? बाई डबा घेऊन उभ्या राहणार, आणि समोर नुसते दगड! त्यानंतर त्या पुन्हा कधी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकणार नाहीत, हे काय सांगायला हवं?

"चेडरकर मी शोधतो," रूबेनभाऊ म्हणाले. "त्या वयाच्या इंग्रजांत दर तिसरा माणूस जॉर्ज असतो. एखादा मिळेलच."

लाडू स्टीलच्या डब्यात भरले गेले. मंडळाच्या कार्यक्रमात डबे हरवतात म्हणून नलू प्रत्येक डब्याच्या बुडाला क्वार्टर्सचा पत्ता चिकटवायची, तसा यालाही होताच.

*

कोचवर दोन माणसं होती. ड्रायव्हर लेन आणि गाइड मिस्टर हॉब्डे. हॉब्डे म्हणजे रिटायर झालेले शाळामास्तर, छडीच्या जागी हातात छत्री. बसलो नाही तोच त्यांनी घळीचं एक मोठं चित्र प्रत्येकाच्या हातात दिलं आणि हातवारे करून दोन्हीकडचे कडे किती उंच ते दाखवलं. आम्ही धास्तावलो. पण काकूंनी चित्र नीट निरखलं, परत दिलं आणि मांडीवरचा डबा जवळ ओढून घेतला. आम्ही सुटकेचा श्वास सोडला.

लेनला गाण्याची हौस. रेडिंगपासून त्यानं जो सूर लावला, तो न्यूबरी गेलं तरी सोडेना. चढावर गिअर बदलताना आवाज त्याचा का कोचचा, ते कळायचं नाही. हॉब्डे घळीची माहिती सांगायला उभे राहायचे आणि कानांवर हात ठेवून खाली बसायचे.

मार्लबरोच्या पुढं आम्ही खायला थांबलो. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, आणि माझा मिरचीचा ठेचा. लेन एकटाच आपलं चीज सँडविच खात उभा होता. आमच्या ह्यांना दया आली. ह्यांनी त्याच्या सँडविचमध्ये ठेचा घातला. घातला तो चटणी समजून, चमचाभर! लेननं एक घास घेतला, दुसरा घेतला, मग आकाशाकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण गड्यानं सँडविच संपवलं आणि मुकाट्यानं जागेवर जाऊन बसला. तिथून चेडरपर्यंत एक सूर नाही.

हॉब्डे हळूच ह्यांच्या शेजारी येऊन बसले. "गेली सहा वर्षं मी याला गप्प करायचा प्रयत्न करतोय," ते म्हणाले. "ही बरणी कुठं मिळते?"

*

आणि मग आली घळ! रस्ता वळला तसा कोचमधला कलकलाट एकदम थांबला. दोन्हीकडे सरळसोट करडे कडे, वर आभाळाची अरुंद चिंधोटी, आणि मधनं आमचा कोच. आमच्या नलूनं नकळत हात जोडले. मला तर वाटलं, खिडकीतून हात काढला तर कडा हाताला लागेल. तेवढा आनंद मला राजवाडा बघून झाला नव्हता, खोटं कशाला बोलू.

खालच्या बाजूला कोच थांबला. काकू उतरल्या. पदर सारखा केला, डबा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाल्या, "कुठं राहतात?"

आम्ही सगळ्यांनी रूबेनभाऊंकडे बघितलं. रूबेनभाऊंनी स्ट्रॉबेरीच्या टेबलांपाशी जमलेल्या गर्दीकडे बघितलं, दोन पावलं पुढं गेले आणि मोठ्यानं हाक मारली, "जॉर्ज!"

तीन माणसं वळली. एक पाद्री, एक पोलीस आणि एक स्ट्रॉबेरी विकणारे म्हातारे.

रूबेनभाऊंनी नंतर आपला हिशोब सांगितला. "पाद्र्याला निवडलं असतं तर माझा बाप वर कपाळ बडवत बसला असता. पोलिसाला डबा दिला तर ती लाच. मग उरलं कोण?"

ते म्हाताऱ्यांपाशी गेले आणि दोन मिनिटांत सगळी रामकथा सांगितली. म्हाताऱ्यांनी टोपी काढली, एप्रनला हात पुसले.

"कुठून आल्यात त्या?"

"मिरजेहून."

"लांब आहे?"

"बरंच."

"आणि हे माझ्यासाठी केलंय?"

"तुमच्याचसाठी."

"मग त्यांना इथं उभं कशाला ठेवलंय? आत या. एल्सी घरीच आहे."

घर टेबलामागंच होतं. एल्सी म्हणजे त्यांची बायको. गुडघ्यांनी दगा दिलेला, कित्येक महिने फाटकाबाहेर पडली नव्हती. खिडकीशी खुर्ची टाकून बसली होती. काकूंनी ती खुर्ची बघितली, खिडकी बघितली आणि दुसरी खुर्ची ओढून सरळ तिच्या शेजारी बसल्या.

"तुम्ही जा," आम्हाला म्हणाल्या. "काय बघायचं ते बघून या. मी आहे इथं."

*

घळीतल्या गुहेत हॉब्डेंना खरा रंग चढला. छतापासून लोंबणारी दगडाची झुंबरं, खाली पाण्यात त्यांची प्रतिबिंबं. हॉब्डे छत्रीनं दाखवत होते, इथं ऑर्गन, तिथं कॅथीड्रल. नलूनं वर बघितलं आणि म्हणाली, "अय्या, कुरडया वाळत घातल्यात!" तेव्हापासून आम्हाला कॅथीड्रल काही दिसेना.

एका जागी थेंब थेंब पाणी पडत होतं. हॉब्डे आवाज खाली आणून म्हणाले, "हा थेंब हजारो वर्षं असाच गळतो आहे."

आमचे हे क्वार्टर्समधल्या गळक्या नळानं पिडलेले. मनापासून विचारते झाले, "कौन्सिलला कळवलंत का?"

बाहेर आलो तर कड्यावर चढायला पायऱ्या, पावणेतीनशेच्या आसपास. जेकब्ज लॅडर म्हणतात त्यांना. "हा तर आमचा याकोब," रूबेनभाऊ म्हणाले आणि खालच्या बाकावर ऐसपैस बसले. "घरचीच शिडी आहे, मी केव्हाही चढेन. पाहुण्यांनी आधी जावं."

वसंत म्हणाला, "पर्वती चढलेली माणसं आम्ही. याचं काय कौतुक!" आणि दोन-दोन पायऱ्या घेत सुटला. शंभरीच्या आत त्याचा पाय मुरगळला. हाडांच्या डॉक्टरला भूलतज्ज्ञानं आणि लॅबवाल्या बाईनं बखोटीला धरून खाली आणलं. खाली रूबेनभाऊ पाय पसरून बसलेले. त्यांनी सूज बघितली आणि गंभीरपणे विचारलं, "चांगला ऑर्थोपेडिक माहितीय का कुणी?"

*

चार वाजता काकूंना आणायला गेलो. वसंत लंगडत सगळ्यांत पुढं. मनात धाकधूक, आई एकटी तीन तास काय करत असेल.

आत काय चाललं होतं म्हणता? दोघींच्या मध्ये एक भलं मोठं पातेलं, आणि दोघी स्ट्रॉबेरीचे देठ काढत बोलत होत्या. एकदमच बोलत होत्या, एक मराठीत आणि एक इंग्रजीत. मध्येच एल्सीनं आपला गुडघा दाखवला, लगेच काकूंनी आपला दाखवला. आम्ही दारात उभे आहोत याची दोघींनाही गंधवार्ता नव्हती. त्या काय बोलल्या, ते आजतागायत कुणाला कळलेलं नाही. डबा कपाटावर होता आणि जॉर्जच्या मिशीला बेसन लागलेलं होतं.

निघताना काकूंनी एल्सीच्या हातावर हात ठेवला. "येते हं."

"येते," एल्सी म्हणाली.

जॉर्जनी रूबेनभाऊंना विचारलं, "काय म्हणतायत त्या?"

रूबेनभाऊंनी प्रामाणिकपणे भाषांतर केलं. "त्या म्हणतात, मी येते."

"बरं झालं," जॉर्ज म्हणाले. "कुठल्या रविवारी?"



कोच सुटला.  काकू म्हणाल्या, "वसंता, घळ चांगली होती का रे?"

वसंत पाय वर घेऊन बसला होता, तो ताठ झाला. "आई! तुला कळलं होतं?"

"जातानाच कळलं. त्या मास्तरांनी चित्र दाखवलं ना."

"मग बोलली का नाहीस?"

"लाडू केलेले होते. ते काय दगडाला देऊ? आणि तुम्ही सगळे इतके घाबरलेले, म्हटलं चालू दे तुमचं."

आम्ही सगळे माना खाली घालून बसलो. वसंतानं मात्र धीर केला. "आई, मग आता तिकिटाचं..."

"तिकीट आहे तिथं असू दे. एक घर झालं म्हणजे गाव होत नाही." मग स्वतःशीच म्हणाल्या, "डबा तिकडंच राहिला. आला तरी रिकामाच येईल."

*

जुलै उजाडला. डब्याचा पत्ता नाही. काकू विचारायच्या नाहीत, पण पोस्टमन आला की खिडकीतून मान लांब करायच्या. पहिला आठवडा गेला, दुसरा गेला. वसंतानं माळ्यावरून ट्रंक काढली. इरकली लुगडं विमानात नेसायला वर ठेवलं गेलं.

सोमवारी सकाळी पोस्टमन एक पार्सल घेऊन क्वार्टर्समध्ये दारोदार फिरत होता. आमच्याकडेही आला. मिसेस येते नावाच्या कुणी बाई इथं राहतात का, म्हणून विचारायला लागला. मी नाही म्हणून दार लावलं, आणि लावता लावता माझी ट्यूब पेटली. तशीच सपाता घालून त्याच्या मागं पळत सुटले. जोगळेकरांच्या दारात गाठला त्याला. पार्सलवर ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, मिसेस येते, आणि खाली नलूनं डब्याला चिकटवलेला पत्ता.

काकूंनी दोरी कापली नाही, गाठ सोडवली. आतून स्टीलचा डबा निघाला. त्यांनी तो हातात धरून जरा हलवला. मग झाकण उघडलं.

आत वर्तमानपत्रात गुंडाळलेली स्ट्रॉबेरी जॅमची बरणी होती. बाजूला काठोकाठ घरची बिस्किटं. आणि एक कार्ड. वसंतानं ते वाचून दाखवलं. लिहिलं होतं, "तुम्ही येते म्हणाला होतात. गेले तीन रविवार एल्सी तिसरा कप मांडून ठेवते. जॉर्ज."

 काकूंनी कार्ड वसंताच्या हातून घेतलं आणि देवांपाशी ठेवलं. बरणी फडताळात ठेवली. बिस्किटं ताटलीत काढून माझ्यापुढं आणि पोस्टमनपुढं धरली. मग डबा घासला, धुतला, पदरानं कोरडा केला, गॅस पेटवून कढई ठेवली आणि नलूकडे बेसन मागितलं.

"आई," वसंत म्हणाला, "परवा विमान आहे."

"मग?" काकू म्हणाल्या. "डबा रिकामा पाठवू?"